आकारामच्या उशाचा तांब्या

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. पितळेचा हाय, आतनं कल्हई केलेला. झाकण फिरवून घट्ट लावलं की थेंब सांडायचा न्हाय. आता प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मला मोडीत घाला म्हणणारी तोंडं वाढली. आमच्या सरुबाईनं मात्र कुणाचं ऐकलं न्हाय.

तिच्या रुखवतात मी गडहिंग्लजहून कोडोलीला आलो. एस्टीत ती नव्या नवऱ्याशेजारी अंग चोरून बसलेली, मी तिच्या मांडीवर. नवरा म्हणजे आकाराम. वाटेत त्यानं माझी फिरकी उघडली आणि आधी तिला पाणी दिलं. मग माझी जागाच ठरली, माजघरात दोघांच्या उशांच्या मधी. म्हशीच्या, शेताच्या, लेकीच्या लग्नाच्या किती गप्पा ऐकल्या तिथं! दोघंही घोरतात, पण कुणी कुणाला बोलून दाखवत न्हाय.

गेल्या उन्हाळ्यात आकारामला लघवीतून लाल जायला लागलं. दुखत काहीच नव्हतं. "उन्हाळी लागलीया," सरुबाई म्हणाली, आणि धण्या-जिऱ्याचं पाणी माझ्यात भरून त्याला पाजायला लागली. मधीच लाल जायचं थांबायचं, की दोघांना हायसं वाटायचं. सगळा उन्हाळा असाच गेला. शेवटी कोल्हापूरच्या दवाखान्यात दुर्बीण घालून गाठ खरवडली, ती कॅन्सरची निघाली.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. "गाठ मूत्राशयाच्या स्नायूत उतरलीय. मूत्राशय काढून पोटावर पिशवी लावायची, हा एक मार्ग. न काढता औषधं आणि किरणं, हा दुसरा. पण तुमच्या मूत्राशयात आणखीही बऱ्याच ठिकाणी गाठी आहेत, म्हणून मला ऑपरेशन जास्त भरवशाचं वाटतं. घरी बोला, पण फार दिवस लावू नका."

घरी कसलं बोलणं! आकारामचा थोरला भाऊ सयाजी म्हणाला, "पोटाला मुताची पिशवी बांधून भावकीत फिरणार व्हय?" आकारामनं मान खाली घातली. त्यानं अंथरूण उचललं, मला काखेत मारलं आणि बाहेर सोप्यात आला. "काय बी नको मला," एवढंच बोलला.

सरुबाई त्याच्याशी भांडली न्हाय. ती एकटीच दवाखान्यात गेली आणि एक रिकामी पिशवी मागून आणली. सकाळी स्वतःच्या पोटाला चिकटवली, माझ्यातलं पाणी तिच्यात भरलं आणि वरून साडी नेसली. तशीच म्हशीची धार काढली, किटली घेऊन डेअरीत गेली, भाकरी थापल्या, सयाजीला चहासुद्धा दिला. संध्याकाळी आकारामपुढं उभी राहून पदर बाजूला केला.

"सकाळधरनं हाय. कळलं का तुमाला?"

त्यानं हात लावून पिशवी चाचपली.

"खोटं न्हाय सांगत. वाकताना ओढतंय. पर कामं हुत्यात. अंग तुमचं हाय, तुमीच ठरवा. मला इचाराल तर मला तुमी पायजे, कसं का असंना."

आकारामनं दवाखान्याचे कागद काढून उशाला ठेवले. मग म्हणाला, "उद्या जाऊया डॉक्टरीणबाईंकडं."

आधी औषधं झाली, मग ऑपरेशन. तपासण्या आतापर्यंत चांगल्या आल्यात. पिशवी तो आता स्वतः बदलतो. सयाजीही काही बोलत न्हाय.

पण अंथरूण अजून सोप्यातच हाय. पिशवी गळली तर, वास आला तर, असं त्याच्या मनात असतं. माजघरात सरुबाई अजून दोन उशा मांडते, आणि माझ्या मनाला घोर लागतो. मलाही तिथलीच सवय. इथं सोप्यात ऐकायला काही न्हाय.

रोज जेवणं झाली की आकाराम हाक मारतो, "सरू, तांब्या भरलाय न्हवं?"

मी काठोकाठ भरलेला असतो. त्यालाही ते ठाऊक असतं. ती येते, मला उचलून बघते, "भरलाय की," म्हणते आणि उगाच उभी राहते. तो वर कौलांकडं बघत बसतो. ती जरा पदर सारखा करते, आणि आत जाते.

आकाराम, अरे गड्या, माझं नाव पुढं करून किती दिवस हाका मारशील? आज ती आली की बस म्हण तिला. ती तेवढ्यासाठीच उभी राहतीया.