फिरत्या घरातला अखंड दिवा

मी दिवा बोलतोय. पितळेचा, वीतभर उंचीचा. बेगम बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात मी कित्येक वर्षं काळा पडून होतो. काचीगुड्याच्या लीलाकाकूंनी मला घरी आणून चिंचेने घासलं, तेव्हा कुठे माझं रूप दिसलं.

त्यांच्या यजमानांचं, एकनाथरावांचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. काकूंनी नवस बोलला. हे सुखरूप घरी आले, की नवरात्रात नऊ दिवस दिवा अखंड ठेवीन आणि यांना घेऊन तुळजापूरला येईन.

एकनाथराव आले. पण त्यांना फार वेळ बसवत नाही. म्हणून अमेयने, त्यांच्या मुलाने, जुन्या व्हॅनचं फिरतं घर केलं. आत पलंग, गॅसची शेगडी, दाराशी बुटका देव्हारा. त्यात मला स्क्रूने घट्ट बसवलं आणि वर काचेची चिमणी घातली.

सातव्या माळेला, भर दुपारी, आम्ही निघालो. नामपल्लीच्या पुढे पेट्रोल पंप लागला.

अमेय सावध मुलगा. त्याने इंजिन बंद केलं, सिलिंडर बंद केला.

"बाबा, उतरा. पेट्रोल भरताना आत बसू नये."

"अरे, आत्ता कुठे पाठ टेकलीय. मी काय विडी ओढतोय?"

टाकी दाराच्याच बाजूला होती. पंपवाल्याने दारातल्या काकूंना विचारलं, "अम्मा, अंदर कुछ जलरा क्या?"

"नै जी, सब बंद है."

त्या खोटं बोलल्या नाहीत. त्या रोज मला हात जोडतात. मी आग आहे, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

नळी टाकीत गेली आणि तो आला. त्याला रूप नाही, नुसता पेट्रोलचा वास. तो जमिनीलगत सरपटत पायरीशी आला, पायरी चढला. वारा अजिबात नव्हता. तरी माझी ज्योत लांबली आणि दाराकडे वाकली.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला भूक लागली.

"अगं," एकनाथराव पलंगावरून म्हणाले, "दिवा बघ कसा करतोय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग नळीकडे. "बंद करो जी! अंदर दिया है!" पंपवाल्याचा हात जागीच थांबला.

माझे दोन दिवस बाकी होते. काकूंची नजर एकनाथरावांच्या उघड्या छातीवरच्या टाक्यांवर गेली. मग त्यांनी तापलेली चिमणी उचलली आणि दोन बोटांनी वात चिमटली. चर्र झालं.

"लीला, नवस!"

"देवीला मी सांगेन. तुम्ही आधी उतरा."

अमेयने वडिलांना हाताला धरून उतरवलं. दार सताड उघडं राहिलं. मी एकटाच आत होतो. तो वास देव्हाऱ्यापर्यंत आला, माझ्या थंड वातीपाशी घुटमळला आणि आला तसा परत गेला.

वास पुरता गेल्यावर, पंप बराच मागे पडल्यावर, काकूंनी मला पुन्हा लावलं. बोटांवर फोड आले होते. एकनाथराव शेजारी बसून त्यांवर फुंकर घालत होते.

आता पंप दिसायच्या आधीच काकू मला शांत करतात आणि सगळ्यांना खाली उतरवतात. तुमच्याही गाडीत माझ्यासारखा कुणी असेल, तर एवढं करा. देव म्हणून पेटता ठेवू नका. पेट्रोलचा तो वास दर वेळी येतो. पायरीवर थांबतो, माझ्याकडे बघतो.

आणि मीही त्याच्याकडे बघतो.