राखी डोक्याचा होला

फोटोवाल्याने आयुष्यभर पासपोर्टचे फोटो काढले, लग्नं काढली. "हनुवटी जरा खाली घ्या" म्हणता म्हणता त्याचे स्वतःचेच केस पांढरे झाले. पण नाव झालं ते पाखरांच्या फोटोंनी. त्यातही रानातले होले आणि कबुतरं. लांबलांबच्या बेटांवरची, दाट पानांत दडून बसणारी. प्रदर्शन लागलं की लोक त्याचा हात हातात घेऊन म्हणत, "काय नजर आहे हो तुमची!"

नजर बायकोची होती. बहिणी तिला दुर्बीण म्हणूनच हाक मारत. ती मान तिरकी करून झाडाकडे बघायची आणि दबक्या आवाजात सांगायची, "अहो, वाळक्या फांदीच्या डावीकडे. पान नाही ते, पाठ आहे." मग हा कॅमेरा रोखायचा. ती नसती तर मला समोरचा हत्तीसुद्धा दिसला नसता, असं तो चारचौघांत हसत सांगायचा. हसत सांगितल्यामुळे कुणी ते खरं मानलं नाही, आणि हळूहळू त्यानेही मानायचं सोडलं.

मग तिच्या डोळ्यांचा पडदा झिजू लागला. आधी नजरेतलं मधलं गेलं. नवऱ्याचा चेहरा बघायचा तर ती त्याच्या कानाकडे बघायची, म्हणजे चेहरा कडेला यायचा आणि थोडाफार दिसायचा. "कडासुद्धा जातील," डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. "कधी, ते नाही सांगता येणार."

घरी येऊन ती म्हणाली, "राखी डोक्याचा होला तेवढा राहिलाय. तो बघू दे, मग जे व्हायचं ते होऊ दे."

हा होला एकाच बेटावर, डोंगरमाथ्यावरच्या जंगलात असायचा. ते गेले. पत्र्याच्या छपराची खोली मिळाली, एक वाटाड्या मिळाला. वाट निसरडी, हवा इतकी दमट की लेन्स पुसून पुसून फडक्याचा बोळा झाला. ती नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चढायची. पहिले दिवस नुसतेच गेले. मग एका सकाळी, वाटाड्या पुढची वाट बघायला गेलेला असताना, ती एकदम थबकली.

"ऐका."

बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा आवाज. खोल, एकेक.

"समोर, वरती," ती बोट दाखवत कुजबुजली. "हललं काहीतरी. जाड फांदी आहे ना, तिच्या वर. दिसला?"

त्याला पानं दिसत होती. पानांमागे पानं. घाम डोळ्यांत उतरत होता. तो लेन्स वर न्यायचा, खाली आणायचा. प्रत्येक फांदी जाडच होती.

"अहो, दिसला का? उडेल तो!" तिने त्याची बाही घट्ट धरली होती.

"दिसला," तो म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं. दाबतच राहिला.

"डोकं राखी आहे? शेपटीला पांढरी किनार?"

"आहे. अगदी स्वच्छ आहे." ते त्याने पुस्तकात वाचलेलं होतं.

ती मटकन ओल्या मुळावर बसली आणि तोंडावर पदर धरून रडू लागली. इतक्या वर्षांत त्याने तिला असं रडताना बघितलं नव्हतं. आता बोलावं कसं? नंतर सांगू, त्याने मनाशी म्हटलं. तेवढ्यात वाटाड्या परत आला. "वर पाणवठा आहे," तो म्हणाला, "उन्हं वर आली की होले तिथे उघड्यावर उतरतात. अगदी जवळून दिसतात. उद्या नेतो."

"नको बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "यांना मिळाला, सगळं मिळालं. माझे पाय फार सुजलेत. मी घरी बघीन निवांत, मोठा करून."

तिने वळून नवऱ्याच्या कानाकडे बघितलं. "चालेल ना?"

"चालेल," तो म्हणाला. ठरल्यापेक्षा आधीच त्यांनी बेट सोडलं.

घरी आल्यावर आज प्रिंट काढतो, उद्या काढतो, असं सुरू झालं. शाई संपली. रंग नीट येत नाहीत. तिने तगादा लावला नाही. हा फार चोखंदळ आहे, हे तिला माहीत होतं. तोवर कडा आत आत येत गेल्या. एका सकाळी तिने विचारलं, "दिवा लावला नाही का?" आणि खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं होतं.

पुढे धाकटी बहीण राहायला आली. तो दुकानात असताना ताई तिला म्हणाली, "यांच्या कॉम्प्युटरवर माझा होला आहे. मला सांग ना कसा दिसतो तो."

धाकटीने फोटो शोधले. एक उघडला, दुसरा उघडला, सगळे उघडले.

"ताई, यात पानंच आहेत गं."

"नीट बघ. जाड फांदीवर असेल."

"नाही गं. खरंच काही नाही."

तो घरी आला तेव्हा दोघी खोलीत बसल्या होत्या आणि पडद्यावर हिरवं रान उघडं होतं. त्याला विचारावं लागलं नाही.

"मला वाटलं, तुला बरं वाटेल," तो म्हणाला.

"तेव्हा मला दिसत होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "थोडं, पण दिसत होतं. वाटाड्या पाणवठ्यावर नेणार होता. मी नको म्हटलं, कारण तुम्ही दिसला म्हणालात."

धाकटी डोळे पुसत स्वयंपाकघरात निघून गेली. दोनेक दिवसांनी ती आपल्या घरी परतली.

धाकटी गेल्यावर बायकोला पलंगावरून उठायचं होतं. अनोळखी झालेल्या त्या घरात धरायला हात एकच उरला होता, नवऱ्याचा, आणि नवरा पलंगाशी उभा होता. ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग चाचपडत तिने तो हात धरला. न्हाणीघरापर्यंत दोघं चालत गेली, आणि दारात पोचताच तिने तो सोडला.