उजवीकडे हॅलिफॅक्स, डावीकडे सास्काटून

आश्विन उतरणीला लागला होता. मेघमुक्त, निर्मळ, निळ्याभोर आकाशाखाली वेंगुर्ल्याअलीकडचा तो विस्तीर्ण कातळसडा सोनवर्खी झाला होता. गवताचं हिरवेपण हळूहळू पिवळ्यात विरघळत होतं. खालच्या मळ्यांत लोंब्यांच्या भाराने भात वाकलं होतं, आणि दूर माडांच्या शेंड्यांमधून सागराची एक अरुंद नीलरेखा लुकलुकत होती. ऊन कोवळं म्हणावं तर पाठीला चटका लावी, आणि चटका म्हणावा तर हवासा वाटे.

त्या सुवर्णसकाळी, हिरव्या जाळीच्या मंद छायेत, मातीच्या ओल्या गंधात, विनया रेडकर काजूची कलमं बांधत बसली होती.

ज्यावर कलम बांधायचं त्या खुंटाच्या रोपाचा शेंडा उडवायचा. मधोमध उभी चीर द्यायची. चांगल्या झाडाची काडी तासून त्या चिरेत बसवायची, प्लास्टिकची पट्टी गच्च आवळायची, वर पिशवीची टोपी चढवायची. मग थांबायचं. काही दिवसांनी त्या काडीच्या टोकाला ताम्रवर्णी, तकतकीत, तान्ह्या बाळाच्या कानांसारखी दोन पानं फुटतात आणि कलम जगलं असं म्हणतात. ही रोपवाटिका तिची होती. नवरा मस्कतला होता तेव्हा एकटीने उभारलेली, एकटीने राखलेली. आसपासच्या गावांत काजू लावायचा म्हटलं की लोक आपसूक तिच्या बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकापाशी, येत. सासरचं नाव रेडकर असलं, तरी लोक वाट विचारताना 'विनयाची कलमां' असंच विचारत.

आणि आता तिला एक शहर निवडायचं होतं.

अवधूत, तिचा नवरा, गेल्या चैत्रात मस्कतहून कायमचा परतला होता. जहाजांवरच्या, गोदामांतल्या शीतयंत्रांचा तो कारागीर. त्या यंत्रांना इकडे कोण विचारतो? पण कॅनडाने विचारलं. कागद झाले, शिक्के झाले, दोघांचे झाले, आणि एकाऐवजी दोन शहरांतून बोलावणी आली. एक पूर्वसागरतीरावरचं हॅलिफॅक्स, धुक्याचं नि गलबतांचं. दुसरं सास्काटून, अथांग सपाटीवरचं, नदीकाठचं, हिवाळाभर बर्फात रुतलेलं. त्या दिवशी अवधूत धावतच रोपवाटिकेत आला होता. घामेजला होता, हसत होता, आणि त्याच्या डोळ्यांत लग्नातल्यासारखं काहीतरी होतं.

"शहर खयचा ता तूच ठरव," तो म्हणाला होता. "माका दोनय चालतत. आता येगळा ऱ्हवाचा नाय म्हणजे नाय."

केवढं मोठं मन! आळीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. कुणाचा नवरा बायकोला साडीचा रंग विचारत नाही, आणि हा तिला शहर विचारतो! विनयाही हसली. हसण्यावाचून तिच्या हातात काय होतं? त्याने तिला दोन शहरं दिली होती, ओंजळ भरून दिली होती. फक्त तिसरी जागा, जिथे ती त्या क्षणी उभी होती ती, ओंजळीत नव्हती.

तिला जायचं नव्हतं. गोष्ट एवढीच होती, एवढी साधी, आणि ती तिच्या घशातून वर येत नव्हती.

कशी येणार? तिचं 'नको' तोंडातून निघालं असतं, तर अवधूत पुन्हा एकटा गेला असता. पुन्हा तो पडद्यावरचा चेहरा, पुन्हा वर्षाकाठच्या त्या मोजक्या, घाईच्या, अर्ध्या रजा. नाहीतर तो इथेच राहिला असता, तिच्यासाठी, आणि वेंगुर्ल्याच्या बर्फाच्या कारखान्यात दिवस ढकलत कुढत बसला असता. तिच्या एका शब्दाने त्याचं आयुष्य आखडणार होतं, आणि शब्द गिळला तर तिचं. पिंजरा मायेचा असला की गजांवर हात आपटायचीसुद्धा चोरी होते. ती मुकाट कलमं बांधत राहिली.

दिवसांमागून दिवस गेले आणि प्रत्येक दिवसाच्या ओठावर तोच प्रश्न होता. हॅलिफॅक्स की सास्काटून? विहिरीवर हाच प्रश्न, भातुकली मांडलेल्या पोरींच्या तोंडी हाच, माशांच्या पाटीवरच्या कोळणीच्या तोंडी हाच. अवधूत रोज रात्री जेवताना नवं काही सांगे. हॅलिफॅक्सला समुद्र आहे, बांगड्यासारखा मासा मिळतो म्हणे. सास्काटूनला आकाश एवढं मोठं की माणूस मान वर करूनच चालतो. ती दोन्ही शहरांची मन लावून स्तुती करी. एकदा समुद्राची, एकदा आकाशाची. तिच्या स्तुतीत वेळ जाई, आणि वेळ जाणं हीच तिची सगळी कमाई होती.

त्याला मात्र वाटे, बायको किती बारकाईने विचार करते आहे! शहाणा माणूस, पण बायकोच्या बाबतीत पुरता भाबडा. त्याने दोन्ही शहरांची चित्रं छापून आणली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, मसाल्याच्या फळीवर, शेजारी शेजारी चिकटवली. ती फोडणी करायला वळली की डावीकडे बर्फ, उजवीकडे धुकं, आणि मधे हिंगाचा डबा.  हिंग घालायचं ती कितीदा विसरली.

लोक तिला धीर द्यायचे तोही कलमांचाच. तू तर एका झाडाची काडी दुसऱ्या मुळावर जगवतेस, तुला नव्या मातीचं भय कसलं? ती मान हलवी. पण काडीची हकिगत तिला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होती. ती स्वतः शिरोड्याहून या गावात आली, तेव्हा कितीतरी वर्षं तिला पालवी नव्हती. घर सासूचं, अंगण दिराचं, विहीर साऱ्या आळीची. मग ही रोपवाटिका झाली, हाताला चिकाचे डाग पडले, नखांत माती बसली, आणि एके दिवशी आपण इथल्या आहोत असं तिच्या ध्यानात आलं. एकदा कापून बांधलेली काडी लागली. तीच काडी सोडवून पुन्हा तासली तर हातातच वाळते. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

शेवटी तिकडून निकड लागली. सोमवारी दोहोंपैकी एकाला होकार कळवायचा होता. विनया अजून दोन्ही शहरांची स्तुतीच करत होती. तेव्हा अवधूतला गावच्या माणसाला सुचावं तेच सुचलं. माऊलीला कौल लावू!

या गावांत मोठं काही ठरवायचं तर देवीला विचारतात. पाषाणमूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी सुटली तर देवीचा होकार, डावी सुटली तर नकार. मोठ्याने बोलतो तो गुरव. पण गाऱ्हाणं ज्याच्या नावाचं, त्याने आपला प्रश्न मनातल्या मनात देवीपुढे ठेवायचा, आणि देवी उत्तर देते ती त्या मनातल्या प्रश्नाला. ही रीत पोरासोरांनाही पाठ असते.

रविवारी सकाळी तिघंच होती गाभाऱ्यापुढे. अवधूत, विनया, आणि न्याहारीला उशीर झाला म्हणून वैतागलेला बाबल गुरव. बाहेर उन्हाचा पूर, आत कृष्णशीतल काळोख. समईच्या थरथरत्या उजेडात माऊलीची श्यामल, स्निग्ध, अनादी मूर्ती, तेलाने माखलेली, पाण्याने निथळणारी. गुरवाने जास्वंदीच्या दोन रक्तवर्णी पाकळ्या ओल्या केल्या.

"गाऱ्हाणा कोणाच्या नावान?"

"हिच्या," अवधूत म्हणाला. त्याच्या आवाजात केवढा अभिमान होता! "निवडूचा हिकाच आसा. उजवी पडली तर हॅलिफॅक्स, डावी पडली तर सास्काटून."

बाबलच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अरे, डावी बाजू नकाराची. दोनय बाजूक जावचाच ठेवलंस, तर माऊलीन 'नको' म्हणूचा खयसून?"

"जावचा ता ठरलाच आसा रे. खय, तेवढाच सांगूक सांग."

विनयाने चमकून मूर्तीकडे पाहिलं. इतके दिवस तिला वाटत होतं की कोंडली गेलेली आपणच. आता देवीचीही तीच गत झाली होती. तिच्यापुढेही दोनच दारं ठेवली होती, आणि दोन्ही एकाच घराबाहेर उघडत होती.

पाकळ्या चिकटल्या. काळ्या पाषाणावर दोन लाल थेंब, उजवीकडे हॅलिफॅक्स, डावीकडे सास्काटून. बाबलने डोळे मिटले आणि त्याचा खर्जातला, खरखरीत, पिढ्यापिढ्यांचा आवाज गाभाऱ्यात घुमू लागला. बा माऊली म्हाराजा, ही तुझी लेक आज तुझ्या पायाशी इली आसा, हिच्या मनात जा काय आसा तेचो उलगडो कर म्हाराजा. अवधूत प्रत्येक ओळीला मनापासून "व्हय म्हाराजा" म्हणत होता.

विनयाने हात जोडले. हॅलिफॅक्सचं नाव ओठांपर्यंत आणलं, सास्काटूनचं आणलं. दोन्ही नावं परक्या पाहुण्यांसारखी उंबऱ्यावर उभी राहिली. आणि त्यांच्या मागून, कुणी न बोलावता, इतक्या दिवसांचं गिळलेलं ते वर आलं.

माऊली, मी इथं राहू?

हे विचारलं आणि तिला रडू कोसळलं. आवाज न करता, पदराचं टोक दातांत धरून ती रडली. समई फुरफुरली. पाण्याचा एक थेंब मूर्तीच्या खांद्यावरून खाली ओघळला, दुसरा ओघळला. पाकळ्या हलल्या नाहीत. बाहेर कुठेतरी नारळ सोलल्याचा आवाज येत होता, आणि काळ जणू त्या दोन पाकळ्यांनाच चिकटून राहिला होता.

मग उजवी सुटली. अलगद, निःशब्द, एका गिरकीत, देवीच्या पावलांवर.

"हॅलिफॅक्स!" अवधूत लहान पोरासारखा ओरडला. त्याने खिशातून फोन काढला, परत ठेवला, परत काढला. विनयाचे ओले गाल त्याने रुमालाने टिपले. ते आनंदाश्रू नाहीत, हे त्याला कुणी सांगावं? "बघ, माऊलीन तुका समुद्र दिलान! मनात माज्या ताच होता. तुका समुद्राबगर करमाचा नाय."

बाबलने पाकळी उचलून विनयाच्या ओंजळीत ठेवली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "मनातला मिळाला मा गो?"

आता फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. ते खरंही होतं. तिने राहू का म्हणून विचारलं होतं आणि देवीने उजवी, होकाराची पाकळी दिली होती. पण तिचं 'व्हय' अवधूतच्या कानात शिरताच त्याचं हॅलिफॅक्स होणार होतं, त्याची तिकिटं होणार होती, त्यांत तिचं नाव असणार होतं. आणि गप्प राहिली असती तर माऊलीने दिलेलं तिने स्वतःच्या हाताने परत केलं असतं. दोन्हीकडून भिंत होती. 

"मिळाला," ती म्हणाली. "पण मी दुसराच इचारलंय."

अवधूत अजून हसत होता.

"माका खयच जावचा नाय."

ते हसू त्याच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं. त्यातलं हसणं तेवढं निघून गेलं. बाबल गुरव उगाचच समईची वात सारू लागला. 

"आधी कित्याक सांगलंस नाय?" अवधूत म्हणाला. आवाज रागाचा नव्हता, दुखावल्याचा होता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

"तुमी इचारल्यातच नाय," ती म्हणाली. "खयच्या शहरात जावचा, ता इचारल्यात."

  मस्कतच्या खोलीतल्या सगळ्या उन्हाळ्यांतून अवधूतने हेच एक जपून आणलं होतं, की आता एका छपराखाली. छप्पर कुठलं, एवढंच राहिलं होतं. आता त्याच्यापुढेही दोनच बाजू होत्या. तिच्याविना तिकडे जायचं, नाहीतर कामाविना इथे राहायचं. विनयाला त्याच्या चेहऱ्यावर आपलाच गेल्या महिन्याभराचा चेहरा दिसला. आपण सुटलो नाही. फक्त आता आत दोघं आहोत, हे तिला कळलं.

बाबलने घसा खाकरला. मूर्तीच्या डाव्या अंगावर दुसरी पाकळी अजून तशीच होती. कौल झाला की ती गुरवाने काढून टाकायची असते. त्याने हात पुढे केला.

"रवांदे," त्याचा हात अडवत अवधूत म्हणाला.

आणि तो खाली बसला, थंड फरशीवर, मांडी घालून. त्याने हात जोडले, डोळे मिटले. त्याचे ओठ एकदाच हलले. आता प्रश्न त्याचा होता; काय विचारलं, ते कळलं नाही. विनयाने विचारलंही नाही. ती त्याच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, बसून राहिली.

बाहेर ऊन चढत गेलं. आत मूर्तीवरचं पाणी हळूहळू वाळत गेलं. काळ्या पाषाणावर एकच लाल पाकळी, ना सुटणारी, ना हलणारी. आणि तिच्याकडे बघत दोन माणसं, ना उठणारी, ना बोलणारी.