गुल्वेनची विसावी सहाशे

ही शर्यत नाही हे लोकांना सांगून सांगून मी थकले. कारखान्यात सार्डिनची मुंडकी छाटताना शेजारची दर वर्षी विचारते, "मग, कितवी आलीस?" कितवी-बितवी कुणी येत नाही, बाई. एकोणीस माणसं, सायकलवर सहाशे किलोमीटर, दोघादोघांच्या रांगेत, ताशी साडेबावीसच्या सरासरीनं. पुढे कॅप्टन. कॅप्टनला कुणी ओलांडायचं नाही, पायात कितीही रग असली तरी. एकत्र निघायचं, एकत्र जेवायचं, एकत्र पोचायचं. लवकर पोचलात तर तीही चूक, गावाबाहेर उभं राहून वेळ होईपर्यंत वाट बघायची. थांब्याथांब्यावर कार्डावर शिक्का, आणि कॅप्टननं कार्ड काढून घेतलं की ती सहाशे मोजायची नाही.

यंदा कॅप्टन मी होते. अकरा वर्षं मागत होते. अकरा वर्षं क्लबच्या समितीतले बाप्ये म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू, सोआझिग." मी त्यांच्याइतकीच चालवते, पंक्चर त्यांच्याहून लवकर काढते, पण बाईच्या मागे सहाशे किलोमीटर बघत जायचं म्हटलं की ह्यांच्या घशात काटा अडकतो. शेवटी वसंतात त्यांच्या जुन्या कॅप्टनचा गुडघा बदलला आणि दुसरं कुणी तयार होईना, तेव्हा माझी आठवण झाली. मान नव्हता तो, अडचण होती. तरी मी घेतला.

तर दुसरा दिवस. आदल्या दिवशी पहाटे आमच्या गावाहून, कारेहून निघून आम्ही तीनशे ऐंशी केले होते आणि लुदेआकच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत तीन तास आडवे झालो होतो. आता उरलेले दोनशे वीस करून परत कारेला. सकाळपासून अंगावर येणारा वारा. आणि पाठीमागून एर्वे.

एर्वे म्हणजे आमचा औषधवाला. समितीचा खजिनदार. चकचकीत सायकल, मिशीला तेल, आणि तोंड एक क्षण बंद नाही. दरवर्षी तो शेवटून दुसऱ्या जोडीत असतो आणि त्याच्या बरोब्बर मागच्या चाकावर गुल्वेन. गुल्वेन त्र्याहत्तर वर्षांचा, चाळीस वर्षं घरांच्या छपरांवर पाटीचे दगड बसवले त्यानं. आमच्यातला सगळ्यात जुना. सहाशेच्या एकोणीस फेऱ्या पुऱ्या झालेल्या, ही विसावी. त्यानं स्वतःच सांगितलं होतं की हीच शेवटची, मग सायकल खुंटीला. क्लबात वीस कुणाच्याच झालेल्या नाहीत.

"डावीकडे बघा, डावीकडे," एर्वे चालूच. "ते घर माझ्या मेहुणीनं घेतलं. गळतं. आता उतार लागतोय बरं का, ह्याच उतारावर माझा मामा पडला होता पिऊन, उजव्या गटारात, उजव्या. वर यायला तयार नाही. म्हणे इथं गार आहे..."

"गुल्वेन, तुझ्या कानांचं काय होत असेल रे?" कुणीतरी ओरडलं.

"मला सवय आहे," गुल्वेन म्हणाला. "छपरावर कावळे असायचे."

सगळे हसले. मी नाही हसले. वारा, झोप नाही, घड्याळावर डोळा, आणि मागे हा रेडिओ. गुरँला जेवायला थांबलो, गालेत, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं घावन, आणि सॉसेज, वर दुधात शिजवलेला गोड भात. तिथंही हा माणूस गुल्वेनच्या शेजारी बसून भातावरच्या सायीबद्दल बोलत होता. दोघाचौघांनी माझ्याकडे बघून डोळे फिरवले. म्हणजे, कॅप्टन, कर काहीतरी.

मी केलं. सगळ्यांसमोर.

"एर्वेसाहेब, इथून पुढे एक शब्द नाही. खड्डा आला, वळण आलं, तर हातानं दाखवायचं, बाकी सगळे दाखवतात तसं. तुझ्या मामाला गटारातच राहू दे."

टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. समितीच्या एका माणसाचं तोंड मी बंद केलं होतं.

एर्वेनं चमचा खाली ठेवला. "सोआझिग, दोन मिनिटं बाजूला बोलू या का..."

"कॅप्टन म्हण. आणि बोलायचं नाही हेच तर सांगतेय."

त्यानं गुल्वेनकडे बघितलं. गुल्वेननं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू काहीतरी म्हणाला. मला वाटलं, म्हातारा त्याची समजूत काढतोय.

तेवीस किलोमीटर शांततेत गेले. इतकी शांतता की साखळ्यांचा आवाज ऐकू येत होता. मी मनात म्हटलं, हे असं असतं बघा, नीट चालवलेलं टोळकं.

स्पेझेच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो आणि उजव्या कडेनं आत आलेला सिमेंटचा उंच कट्टा आहे, गाड्यांनी वेग कमी करावा म्हणून. मी हात मागे नेऊन बोट दाखवलं, डावीकडे व्हा. माझ्या मागच्यांनी दाखवलं, त्यांच्या मागच्यांनी. हात शेवटपर्यंत गेला असणार. समोरून दुधाचा टँकर येत होता. मग मागे धातू सिमेंटवर घासल्याचा आवाज, एका बाईची किंकाळी, आणि टँकरचा भोंगा, लांबच लांब.

मी वळून बघितलं तेव्हा गुल्वेन कट्ट्याच्या पलीकडे गवतात पडला होता, सायकल त्याच्या पायावर. आणि रोझेन, जी त्याच्या जोडीनं चालवत होती, त्याच्या धक्क्यानं रस्त्याच्या मधोमध जाऊन एक पाय टेकून उभी होती. टँकर तिच्या कोपरापासून वीतभरावरून गेला होता. रोझेन छत्तीस वर्षांची, नर्स, दोन मुलींची आई.

आधी हात-पाय बघितले. गुल्वेनचं कोपर सोलवटलेलं, कमरेला मार, हाड शाबूत. रोझेन रागानं ओरडली.

"अख्ख्या टोळीनं डावीकडे हात दाखवले आणि तू सरळ कट्ट्यावर! झोपला होतास का?"

"डुलकी लागली," गुल्वेन म्हणाला. "म्हातारा माणूस."

रोझेन त्याच्यासमोर उकिडवी बसली. कोपर धुवायला पाणी घेतलं होतं, ते बाजूला ठेवलं. त्याच्या नाकासमोर हात धरला. "किती बोटं?"

"नर्सपणा नको करूस, पोरी."

"किती बोटं, गुल्वेन?"

त्यानं मान वळवली. सरळ न बघता तिरकं, डोळ्याच्या कोपऱ्यातून, कोंबडी बघते तसं. "तीन," तो म्हणाला. तीनच होती. पण रोझेननं हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"ह्याला मधलं दिसत नाही," ती म्हणाली. "कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. माझ्या वॉर्डात असे रोज येतात. किती दिवस झाले हे?"

मग एर्वे बोलला. "तीन वर्षं."

तेव्हा माझ्या डोक्यात तो मामा आला. उजव्या गटारात, उजव्या. मेहुणीचं घर, डावीकडे. तीन वर्षं ह्या माणसाची एकही गोष्ट अशी नव्हती जिच्यात डावं-उजवं नव्हतं, उतार नव्हता, वळण नव्हतं. तीन वर्षं तो गुल्वेनला रस्ता वाचून दाखवत होता आणि आम्ही त्याला रेडिओ म्हणत होतो. आणि मी तो बंद केला होता, टाळ्या घेऊन.

"मग बोलला का नाहीस?" मी ओरडले. "मी तोंड बंद कर म्हटलं तर आईच्या पोटात असल्यासारखा गप्प?"

"मी म्हटलं त्याला गप्प बस," गुल्वेन म्हणाला. "गुरँला. तुझी कॅप्टनकीची पहिली वेळ, पोरी. सगळ्यांसमोर तुझा शब्द मोडायचा? चाकाच्या आवाजावर जाईन म्हटलं. तेवीस किलोमीटर गेलो की नाही? वारा फिरला, आवाज हरवला, नाहीतर गेलो असतो."

ह्या वाक्यावर मला रडायला आलं असतं. पण माझ्या मागे सतरा माणसं उभी होती आणि घड्याळ चालू होतं. अशा थांब्याला फार तर पंधरा मिनिटं देता येतात. उरले होते एकोणसत्तर किलोमीटर.

गुल्वेन उठला, सायकल उचलली, चाक फिरवून बघितलं. बोटांनी बघितलं, आता मला दिसत होतं. "चला. एर्वे, तू आता मोठ्यानं सांग, लपवायचं काही राहिलं नाही. एकोणसत्तरच तर आहेत."

"सांगतो," एर्वे म्हणाला. "मी समोर राहतो, दुसरा कुणी मागे. कॅप्टन, माफ कर, पण जाऊ दे त्याला. विसावी आहे."

"जाऊ दे, जाऊ दे," दोघं-तिघं म्हणाले. "आपण सांभाळू."

"मी नाही त्याच्या शेजारी चालवणार," रोझेन म्हणाली. "मला दोन मुली आहेत. मला कुणी विचारलं नव्हतं."

"तू इकडच्या बाजूला ये, मी..." एर्वे म्हणायला लागला.

"जिवावर उदार व्हायचं तर माझ्या जिवावर व्हायचं," गुल्वेन मध्येच म्हणाला. "मी त्र्याहत्तरचा आहे."

"आज माझ्या जिवावर झालास," रोझेन म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता बरं, आता कॅप्टन आठवली. तीन वर्षं समितीच्या एका माणसाला माहीत होतं, आणि आणखी दोघांना, हे मला त्यांच्या खाली गेलेल्या मानांवरून कळलं. तिघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही की गुल्वेन, पुरे. चांगुलपणा! चांगुलपणा असतो तो, मी नाही म्हणत नाही. पण शेवटचं वाईट वाक्य दुसऱ्यानं बोलावं म्हणून तिघंही तीन वर्षं थांबले होते. आणि ते वाक्य एका बाईच्या वाट्याला ठेवलं.

"गुल्वेन," मी म्हटलं, "तू इथं उतरतोस."

"नाही."

"कार्ड दे."

"सोआझिग, तू आठ वर्षांची असताना तुझ्या बापाचं छप्पर मी केलंय. फुकट. एकोणसत्तर किलोमीटर मागतोय."

"माहितेय. अजून गळत नाही. कार्ड दे."

तो मला जे बोलला ते मी लिहीत नाही. माझ्या आईला, माझ्या कारखान्याला, माझ्या हाताच्या माशाच्या वासाला, सगळ्यांना धरून बोलला. मी ऐकून घेतलं. तिरका बघत होता, म्हणजे मला नीट बघायचा प्रयत्न करत होता, आणि ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं. मग त्यानं पाठीच्या खिशातून शिक्क्यांचं कार्ड काढलं आणि माझ्या हाताच्या थोडं बाजूला, हवेत धरलं.

एर्वेनं लगेच स्वतःचं कार्ड काढून त्यावर ठेवलं. "मी त्याच्याबरोबर थांबतो. बायको गाडी घेऊन येईल."

"तुझं पुरं होईल, एर्वे. तू चल."

"मी कुणाशी बोलत जाऊ?" तो म्हणाला.

आम्ही निघालो. सतरा. गुल्वेन कट्ट्यावर बसला होता, कोपराला पट्टी. रोझेन त्याच्याजवळ गेली, वाकली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "रोझेन." एवढंच. तिच्या मागून दुसरा गेला, त्यानंही नाव सांगितलं. मग एकेक करून सगळे. मी नाही गेले. मला माझं नाव सांगायची हिंमत झाली नाही, हे लिहून ठेवते.

ते एकोणसत्तर किलोमीटर मी घड्याळाच्या काट्यासारखे चालवले. उएलगोआच्या चढावर मान खाली घालून रडले, कॅप्टनच्या पुढे कुणी नसतं, त्याचा एवढा फायदा. मागे कुणी एक अक्षर बोललं नाही. मी कुणाला गप्प केलं नव्हतं.

कारेच्या सभागृहात आम्ही ठरल्या मिनिटाला पोचलो. समितीचा अध्यक्ष हात पुढे करून आला, "शाब्बास, पहिल्याच वेळी!" मी त्याच्या हातात सतरा कार्डं दिली, मग वेगळी दोन दिली आणि म्हटलं, "आणि ह्यांच्याबद्दल पुढच्या बैठकीत बोलायचंय. तुला माहीत होतं ना?" तो सूप ढवळायला गेला.

गुल्वेन कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. बाजूला एर्वे, तोंडात घास, म्हणून गप्प. मी समोर जाऊन उभी राहिले. पळून जायचं तर आत्ताच, असं वाटत होतं.

गुल्वेननं मान वळवली. "कोण?" त्यानं विचारलं. मोठ्यानं, चार माणसांत.

"सोआझिग."

मग तो म्हणाला, "एकोणीसच राहिल्या."

"एकोणीसच."

"कुणी विचारलं, विसावीचं काय झालं, तर काय सांगू?"

"माझं नाव सांग."

"ते तर सांगणारच. दारूच्या प्रत्येक गुत्त्यात सांगणार. मरेपर्यंत सांगणार."

"सांग," मी म्हटलं.

"आणि तुझ्याशी वर्षभर बोलणार नाही."

"बरं."

तो अर्धी वीत सरकला. एर्वेला कोपरानं ढोसलं, तोही सरकला. बाकावर एका माणसापुरती जागा झाली. मी बसले.