मधलं वर्ष

अर्ज परत आला तेव्हा बाई सलूनमधल्या एका खुर्चीचं जुनं रेक्झिन सोलत होत्या. फाटक्या, बसक्या, स्पंज बाहेर आलेल्या खुर्च्या त्यांच्याकडे यायच्या आणि आठवड्याभरात नटूनथटून परत जायच्या. इमारतीत सगळे त्यांना खुर्चीवाल्या बाईच म्हणत.

नवरा पत्र घेऊन दारात उभा राहिला. शहर बसचा ड्रायव्हर तो. एरवी जिन्यातच त्याचा आवाज ऐकू यायचा. आज चपला काढल्या तरी कळलं नाही.

"नाकारला?" बाईंनी विचारलं.

"परत पाठवलाय. मधलं वर्ष कमी पडतंय."

या देशाचं नागरिक व्हायचं तर मागच्या तिन्ही वर्षांत घराचं उत्पन्न ठरलेल्या आकड्याच्या वर असायला हवं, असा नियम होता. पहिलं वर्ष ठीक, तिसरंही ठीक. मधल्या वर्षी त्याच्या पाठीचा मणका सरकला आणि सात महिने तो अर्ध्या पगारावर अंथरुणाला खिळला.

"थांबू अजून दोन वर्षं," तो म्हणाला. "मग ते वर्ष मोजण्यातून जाईल."

"आणि पोरीचं?"

मुलगी चार महिन्यांनी अठरा पूर्ण करणार होती. त्यानंतर तिला आईवडिलांच्या अर्जात जागा नव्हती. तिने एकटीने पहिल्यापासून रांगेत उभं राहायचं.

"मग माझं धरा की," बाई म्हणाल्या.

"तुझं काय धरायचं? तुझं आपलं..." पुढचा शब्द त्याने गिळला.

"माझं आपलं काय?"

अर्ज त्यानेच भरला होता. 'घरातील दुसरे कमावते' या रकान्यात त्याने सरळ रेघ मारली होती.

बाईंनी हात धुतले, रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागून एक फाइल काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. पाच वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी पावतीशिवाय काम द्यायला नकार दिला, तेव्हा बाईंनी रीतसर नोंदणी केली होती. पोरीकडून पावती लिहायला शिकल्या, आणि तेव्हापासून दर वर्षी वाचनालयातल्या मदत केंद्रात बसून स्वतःचा कर स्वतः भरत आल्या. नवऱ्याने कधी विचारलं नाही, म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

त्याने मधल्या वर्षाचा कागद काढला. एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"हे माझ्यापेक्षा जास्त आहे."

"नाट्यगृहाच्या खुर्च्या, बाबा," आतल्या खोलीतून बाहेर येत मुलगी म्हणाली. "दोनशे बारा. तुम्ही झोपून होतात ना, तेव्हा."

त्याला आठवलं. शेजारच्या खोलीतून दिवसभर पिना ठोकल्याचा ठक्‌ ठक्‌ आवाज यायचा आणि तो पडल्या पडल्या ओरडायचा, "अगं, बंद कर ते, डोक्यात जातंय!" बाईंनी कामाच्या फळीखाली जाड गोधडी घातली आणि काम चालू ठेवलं.

त्याने कागद जपून फाइलमध्ये परत ठेवला. मग म्हणाला, "मी किती ओरडायचो गं."

"ओरडत होतात म्हणजे बरे होत होतात."

पुढच्या आठवड्यात दोघं कार्यालयात गेली. टेबलापलीकडच्या अधिकारी बाईंनी फाइल चाळली. "घरून केलेल्या कामाच्या नावाखाली लोक वाटेल ते आकडे लिहितात. सात महिन्यांत, एकट्या बाईने, एवढ्या खुर्च्या?"

"मी सांगतो, मॅडम," नवरा पुढे सरकला.

"त्यांनाच सांगू द्या."

बाईंना इथली भाषा अडखळत यायची. क्रियापदं मागेपुढे व्हायची. पण कामाचं बोलताना त्या अडखळल्या नाहीत. "नाट्यगृह बंद ठेवता येत नव्हतं. म्हणून दर सोमवारी आठ खुर्च्या खोलून माझ्याकडे यायच्या. दोन दिवस सोलणं, एक दिवस स्पंज, दोन दिवस कापड. शनिवारी परत. असे सव्वीस आठवडे. सत्ताविसाव्या आठवड्यात चारच उरल्या होत्या."

अधिकारी बाईंनी कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली आणि पहिल्यांदाच मान वर केली. "बरोबर येतंय," त्या म्हणाल्या. "नाट्यगृहाचं पत्र आणा."

नवरा रोज त्या नाट्यगृहावरून बस न्यायचा, पण आत कधी गेला नव्हता. व्यवस्थापक पत्र टाइप करून घेत होता तेवढ्यात तो रिकाम्या सभागृहात शिरला. तिसऱ्या रांगेत बसला, मग नवव्या, मग अगदी मागे. प्रत्येक ठिकाणी पाठ टेकून पाहिली. शिवणीवरून बोट फिरवलं. एक टाका वाकडा नव्हता.

"दोन वर्षं झाली, एकही उसवली नाही," बाईंना घेऊन आत आलेला व्यवस्थापक मागून म्हणाला.

"ही माझी बायको," नवऱ्याने छाती काढून सांगितलं.

"माहीत आहे. तुम्ही कोण, ते माहीत नव्हतं."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. नवरा त्याहून मोठ्याने हसला.

पत्र जोडलं गेलं. नवा अर्ज भरताना अधिकारी बाई जरा घुटमळल्या. "त्या वर्षी मुख्य कमावत्या म्हणून यांचं नाव जाईल. तुम्हाला अवलंबितांच्या रकान्यात सही करावी लागेल. काही पुरुषांना ते रुचत नाही."

"कुठे करायची, दाखवा," तो म्हणाला, आणि त्याने एवढी ठसठशीत सही केली की शेजारच्या रकान्यात शिरली.

मुलीच्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले असताना मंजुरी आली. शपथ घ्यायला तिघं एका रांगेत उभी राहिली. शपथ लांबलचक होती. बाईंनी ती पोरीच्या मदतीने पाठ केली होती आणि एकही शब्द न चुकता, सगळ्यांच्या आधी संपवली. प्रमाणपत्र हातात आल्यावर त्यांनी स्वतःचं नाव अक्षर अक्षर तपासलं, पावती तपासावी तसं.

दुसऱ्या दिवशी बस डेपोत नवऱ्याने पेढ्यांऐवजी बातमीच वाटली, नाट्यगृहाच्या खुर्च्यांसकट. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेले चार ड्रायव्हर त्याच्याभोवती जमले. संध्याकाळी तो घरी आला तो जिन्यातूनच ओरडत, "अगं, डेपोवाले विचारतायत, बसच्या सीटा करशील का? आपल्याच माणसांच्या आहेत, भाव जरा..."

"भाव तोच," बाई आतून म्हणाल्या. "आणि पावती मिळेल."