मोजणाऱ्याचं नाव

अप्पा गेल्याला एकवीस दिवस झाले होते. उपसरपंच काकासाहेब सकाळीच आले, चहा घेतला आणि अप्पांच्या लॅपटॉपकडे बोट केलं.

"भावनाताई, विहिरींचा तक्ता आज तालुक्याला द्यायचाय. सरांचा प्रोग्राम चालतो ना?"

"चालतो."

वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावात अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, राजानंद सरांनी, निवृत्तीनंतर अकरा वर्षं सात विहिरींचं पाणी दर महिन्याला मोजलं. दोराला पितळी वजन, दर फुटाला गाठ. आकडे नोंदवायला त्यांनी साठीत पायथन ही संगणकाची भाषा शिकून छोटा प्रोग्राम लिहिला. नुसतं त्याचं नाव टाकून तो चालत नाही. त्याच ओळीत पुढे चार गोष्टी द्याव्या लागतात: विहिरीचा क्रमांक, तारीख, पाणी किती फूट, आणि कोणी मोजलं. यांना अर्ग्युमेंट म्हणतात. "मोजणी शून्यापासून," अप्पा सांगायचे. "शून्यावर प्रोग्राम स्वतः बसतो, पाहुणे एकपासून."

काकासाहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली. त्यात सातही आकडे तयार होते. सातवी विहीर आमच्या भीमनगरची. तिच्यापुढे नऊ फूट. मागच्या वर्षी पाणी जिरवायला नाला खोल करण्याचं काम त्यांनीच करून घेतलं होतं. पाणी वाढलेलं दिसायला हवं होतं. आणि नऊ फूट दिसलं, की भीमनगरला टँकर मिळणार नव्हता.

मी सातवीचा क्रमांक टाकला, तारीख टाकली, नऊ फूट टाकलं, नाव टाकलं नाही. पडद्यावर ओळ आली: कोणी मोजलं? बिननावाचा आकडा मी घेत नाही.

अप्पा स्वतः कधी नाव विसरले नव्हते, म्हणून ही ओळ मी कधी पाहिलीच नव्हती. मी ती पुन्हा वाचली.

"काय म्हणतंय?"

"नाव मागतंय."

"मंग सरांचंच टाका की. अकरा वर्षं तेच चालून राह्यलं."

"अप्पा बावीस एप्रिलला गेले. आज तेरा मे आहे."

"त्या मशीनला काय कळतंय, माणूस आहे का गेला?"

"त्याला न्हाई कळत. मला कळतं."

ते हसले. "मंग ती अटच काढून टाका. नाव न्हाई दिलं तर आपोआप सरांचं धरायचं. आमचा पोरगा कल्याण म्हणतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचंच आहे. मी करणार नाही."

"हट्ट कशाला, ताई?"

मी तीच ओळ पुन्हा लिहिली आणि शेवटी टाईप केलं: काकासाहेब. एंटरवर बोट ठेवलं. "दाबू?"

ते खुर्चीत पुढे सरकले. "माझं कशाला? मी कुठं मोजायला गेल्तो?"

"मग नऊ फूट कोणी पाहिलं?"

त्यांनी चिठ्ठी उचलली, घडी केली. "सर असते तर एवढं ताणलं नसतं."

"सर असते तर तुम्ही चिठ्ठी आणलीच नसती."

ते गेले. आई इतका वेळ दारात उभी होती. अप्पा गेल्यापासून ती फारसं बोलत नव्हती. म्हणाली, "दोर मोरीमागं खुंटीला आहे. वजन काळं न्हाई पडलं, पुसून ठेवलंय मी."

सहा विहिरी मोजेपर्यंत दुपार झाली. सातव्या विहिरीवर मी कठड्याला पोट टेकून दोर सोडला. बराच सुटला. वजन तळाच्या दगडावर वाजलं. वर ओढला, तेव्हा शेवटच्या दोन गाठी ओल्या होत्या.

घरी येऊन मी एक एक नोंद करू लागले. पहिल्याच ओळीला अडले. नाव भावना राजानंद असं लिहिलं होतं. मधल्या मोकळ्या जागेमुळे प्रोग्रामने ती दोन माणसं धरली. पडद्यावर आलं: मला चार हवेत, पाच आले. नाव दोन शब्दांचं असेल तर दोन्ही बाजूंना अवतरणचिन्ह लाव, म्हणजे एकच धरीन.

अप्पा एकटेच हा प्रोग्राम वापरायचे आणि नावाच्या जागी नुसतं राजानंद लिहायचे. ही सूचना त्यांना कधी लागली नसती.

मी अवतरणचिन्हं लावली. सातही नोंदी झाल्या.

संध्याकाळी पंचायतीत छापील तक्ता दिला आणि पोच मागितली. काकासाहेबांनी कागदावरून बोट फिरवलं, शेवटच्या ओळीवर थांबले.

"दोन फूट?"

"दोन. शेजारी नाव आहे. खोटं वाटलं तर चला, दोर बाहेर सायकलला बांधलाय."

त्यांनी शिक्का उचलला.