हवेतलं माप

जावयाला विचारलं तर चूक होते आणि न विचारलं तर रुसवा. म्हणून जन्मभर शिंपीकाम केलेल्या सासऱ्यांनी केबल घ्यायला जाताना धाकट्या जावयाला सोबत नेलं. सासूबाईंना कमी ऐकू येई. आवाज वाढवला की शेजारी भिंत ठोकत, म्हणून मालिका लागली की त्या उठूनच जात. आता त्यांच्या खुर्चीपाशी स्पीकर ठेवायचा होता.

"टीव्हीपासून खुर्ची दोन मीटर. नजरेनं मोजलंय मी," म्हणत जावयाने सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांची केबल उचलली.

"जावईबापू, माप अंगावरून घ्यायचं असतं, हवेतून नाही." सासऱ्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. टीव्हीमागून खाली, भिंतीच्या कडेने, दाराला वळसा घालून साडेचार मीटर. वर दुमडीला अर्धा. त्यांनी साधी पाच मीटरची घेतली. जावयाने आपली दोन मीटरचीही घेतलीच.

"साध्या वायरीत तो दर्जा कुठला, बाबा?"

"आधी अंगाला बसू दे, मग दर्जा बघू."

घरी जावयाची केबल दारापर्यंतही पोचली नाही.

"कापड भारी आहे हो," सासरे म्हणाले, "पण पायजमा आखूड झाला."

मग त्यांनी साधी केबल भिंतीलगत नेऊन स्पीकरला जोडली. मालिका सुरू झाली. सासूबाई उठल्या नाहीत. थोड्या वेळाने मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "अहो, जरा हळू करा की! मी काय बहिरी आहे?"